गप्प बसण्याची वर्गणी

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्या. फोडणीला जाणारी कांदेपोह्यांची गाडी अर्धा तास उशिरानं धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.”

माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, हा आवाज स्वयंपाकघराच्या दारातून निघाला, बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या मीटिंगमध्ये शिरला आणि थेट पुण्याला पोचला. पुण्यात कुणीतरी खुदकन हसलं. हेमंतनं हेडफोन काढले आणि कपाळाला हात लावला.

“कांचन, आप्पांना सांग ना जरा.”

“तूच सांग. तुझे वडील आहेत.”

लॉकडाऊनचा मे महिना होता. आप्पांचा जन्म कराडच्या एसटी स्टँडवर गेला. वाहतूक नियंत्रक होते. पाटण, चिपळूण, विटा, इस्लामपूर, सगळ्या गाड्या त्यांच्या तोंडून सुटायच्या. माइक बिघडला तरी प्रवाशांच्या लक्षात येत नसे. निवृत्त झाल्यावर स्टँड सुटला, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. त्यात आता वयस्कर माणसांनी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम. त्यामुळे आप्पांनी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतच आपलं कार्यालय थाटलं होतं. भाजीवाल्याशी घासाघीस तिथून, वॉचमनची हजेरी तिथून, खालच्या पोरांच्या सायकलींची वाहतूक तिथून.

आणि रोज सकाळी इनामदारांशी भांडण, तेही तिथूनच.

इनामदार बरोबर आमच्या खाली, तळमजल्यावर राहत. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, ताठ, कायद्याचे पक्के. एकटेच होते. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला ते दारापुढच्या चिमुकल्या अंगणात आले की वरून आप्पा सुरू होत. “ओ इनामदार, तुमच्या कढीपत्त्याचा कचरा रस्त्यावर जातोय!” की खालून उत्तर येई, “पिसाळ, झाडाला पानं असतात. पानं गळतात. शाळेत शिकवलं नाही का?” मग कढीपत्त्यावरून पाण्याची मोटार, मोटारीवरून स्कूटर लावायची जागा, तिथून एसटी आणि महसूल खात्यात जास्त आळशी कोण, असा प्रवास चाले. मला फार लाज वाटायची. अख्खी इमारत चहा घेता घेता ऐकायची.

त्याच सुमारास आमच्या ऋतुजाच्या शाळेनं एक काम काढलं. ऋतुजा तेव्हा सहावीत होती. परीक्षा रद्द झाल्या होत्या, पण तिच्या वर्गशिक्षिका, कणसे मॅडम, रोज सकाळी मुलांना मोबाइलच्या पडद्यावर गोळा करत. अभ्यास नाही, नुसत्या गप्पा. एकदा त्यांनी विचारलं, “तुमचे रिक्षावाले काका सध्या काय करतात, कुणाला माहीत आहे?” कुणालाच माहीत नव्हतं. ऋतुजानं तिच्या मुल्लाकाकांना फोन लावला. बालवाडीपासून त्यांच्याच रिक्षातून जायची ती. फोन ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

“काय म्हणाले गं?” मी विचारलं.

“रिक्षा ताडपत्रीखाली आहे म्हणाले. आणि म्हणाले, तू जेवलीस का?” मग थोड्या वेळानं म्हणाली, “मी विचारलं, तुम्ही जेवलात का, तर म्हणाले, शाळा कधी सुरू होणार बेटा?”

मॅडमनी ठरवलं ते असं. प्रत्येक मुलानं आणि त्याच्या घरच्यांनी काहीतरी अवघड करून दाखवायचं, आणि ते पुरं झालं तर नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी वर्गणी द्यायची. जमेल त्यातून शाळेच्या सगळ्या रिक्षावाल्या काकांच्या घरी शिधा. पुरं झालं नाही तर मात्र वर्गणी नाही. या अटीवर मॅडम ठाम होत्या, कारण मुलांना भीक मागायला नाही, शब्द पाळायला शिकवायचं होतं. कुणाच्या वडिलांनी गावभर मिरवलेली मिशी काढायचं कबूल केलं. कुणाची आई शंभर सूर्यनमस्कार घालणार होती.

“आपण काय करायचं?” ऋतुजानं जेवताना विचारलं.

“काही नको,” हेमंत म्हणाला. “आप्पांना म्हणावं, तीन दिवस गप्प बसा. मी माझा अर्धा पगार देतो.”

तो थट्टेनं बोलला. पण आप्पांनी घास खाली ठेवला.

“अर्धा पगार?”

“अहो आप्पा, चेष्टा केली मी.”

“चेष्टा कसली? ऋतू, लिही. ज्ञानदेव पिसाळ, तीन दिवसांचं मौन. शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ सहा.”

माझ्या सासूबाई ताक वाढत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला. “अहो, लग्नात आपला अंतरपाट धरला होता, तेव्हासुद्धा तुम्ही भटजींशी बोलत होता.”

“त्यांनी मुहूर्ताची वेळ चुकीची सांगितली होती,” आप्पा म्हणाले.

ऋतुजानं इमारतीच्या ग्रुपवर निरोप टाकला. खरं सांगते, एवढ्या तातडीनं त्या ग्रुपवर कधीच कुणी काही दिलं नव्हतं. लिफ्टच्या दुरुस्तीला महिना महिना लागायचा. इथे लोखंडे वहिनींचं उत्तर पहिल्या मिनिटाला आलं. त्यांचं बाळ तान्हं होतं आणि आमच्याच मजल्यावर समोर झोपायचं. मग वरच्या मजल्यावरचे, मग टेरेसवर राहणारी पोरं, मग इचलकरंजीहून माझी नणंद. “माझ्या वडिलांना कुणी गप्प बसवणार असेल तर मी दुप्पट देते,” असं तिनं लिहिलं. पुण्याहून हेमंतच्या साहेबांनीही दिले.

प्रत्येक वेळी मोबाइल वाजला की आप्पा विचारत, “कोण?” आधी खूश होते. मग हळूहळू विचारायचे थांबले.

“एवढ्या लोकांना,” ते शेवटी म्हणाले, “एवढा त्रास होता काय?”

सगळ्यांत शेवटी इनामदारांचा निरोप आला. त्यांचा आकडा सगळ्यांहून मोठा होता. खाली लिहिलं होतं, ‘अटी पूर्ण झाल्यास. अन्यथा नाही.’

आप्पांनी तो दोनदा वाचला. “आता तर बसतोच गप्प,” म्हणाले.

पंच ऋतुजा. नियम तिचे. बोलायचं नाही, लिहायचं नाही, पुटपुटायचं नाही, शीळ घालायची नाही. खुणा चालतील.

शुक्रवारी सकाळी आप्पा उठले, तोंड धुतलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. खाली इनामदार दुधाची पिशवी घ्यायला आले. वर बघितलं. आप्पांनी ओठ गच्च मिटून हात हलवला. इनामदारांनी तोंड उघडलं, मिटलं, पिशवी काढली आणि आत गेले. जाताना खिडकीही लावून घेतली.

“शांतता,” हेमंत म्हणाला. त्यानं खुर्चीत पाय पसरले आणि मीटिंग सुरू केली. पाचच मिनिटांत पुण्याहून साहेबांनी विचारलं, “हेमंत, घरी सगळं बरं आहे ना? आज कांदेपोह्यांचं काही कळलं नाही.”

खुणांचं तर विचारू नका. आप्पांनी हातानं गोल काढला, मग वर बोट केलं. सासूबाईंनी त्यांना लिंबू दिलं. आप्पांनी मान जोरात हलवली आणि पुन्हा गोल काढला. सासूबाईंनी पापड भाजून दिला. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, उठले आणि पंखा स्वतःच लावला. मला वाटतं, पापडाच्या वेळेपर्यंत सासूबाईंना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत न पाहिलेली मजा होती.

भाजीवाला आला. एरवी आप्पा वरून एकेक भेंडी मोडून दाखवायला लावत. त्या दिवशी मी खाली गेले आणि मला निबर भेंडी, पिचकी वांगी आणि कोमेजलेली मेथी मिळाली. आप्पांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. रागानं त्यांनी ताटावर वाटी आपटली.

“हे बोलणं धरायचं का?” ऋतुजानं मला विचारलं.

“वाटी बोलली, आजोबा नाही,” मी म्हटलं. तिनं विचार करून ते मान्य केलं.

शनिवारी लोखंडेंचं बाळ दिवसभर रडलं. दुपारी वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे तारवटलेले. “कांचनताई, हा झोपतच नाही. रोज यांच्या गाड्या सुटायला लागल्या की याला डुलकी लागते. आवाज ऐकून ऐकून सवय झालीय वाटतं.” आप्पांनी हे ऐकलं. छाती फुगली, मान ताठ झाली, तोंड उघडलं, आणि ऋतुजानं बोट वर केलं. तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी घरात भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. ते इतकं मोठ्यानं चालतं हे मला ठाऊकच नव्हतं. हेमंतनं टीव्ही लावला, मग बंद केला. “उद्या सहाला संपतंय ना?” त्यानं विचारलं. विचारल्यासारखं नव्हतंच विचारलेलं.

रविवारी मात्र आप्पांचं काहीतरी बिनसलं. सकाळपासून गॅलरीत येरझाऱ्या. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. मी बाहेर गेले, तर त्यांनी माझा दंड धरला आणि खाली बोट दाखवलं.

“काय पडलं का?” मी वाकून बघितलं. खाली काही नव्हतं.

त्यांनी हातानं पिण्याची खूण केली.

“पाणी हवंय?”

नाही. त्यांनी पिशवी लटकल्याची खूण केली.

“आई, आजोबा सलाइन लावायचं म्हणतायत का?” ऋतुजा घाबरली. हेमंत थर्मामीटर घेऊन आला. आप्पांनी तो हिसकावून टेबलावर ठेवला, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, डोळे मिटले, मान टाकली, आणि पुन्हा खाली बोट दाखवलं.

“छातीत दुखतंय!” हेमंत ओरडला. “कांचन, डॉक्टरांना फोन कर!”

आप्पा त्याच्याकडे असे बघत राहिले, जसे स्टँडवर ते चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघत असणार. मग त्यांनी ऋतुजाकडे पाहिलं. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आणि गॅलरीच्या कठड्याला पोट टेकवून, तीन दिवस कोंडलेला सगळा आवाज एकदम सोडला.

“इनामदाऽऽऽऽर!”

कढीपत्त्यावरचे कावळे उडाले. तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली.

“ओ इनामदाऽऽऽर! दार उघडा! सकाळपासून दुधाची पिशवी फाटकावर आहे तुमची! इनामदाऽऽऽर!”

मी पुन्हा वाकले. लोखंडी फाटकाला पांढरी पिशवी लटकत होती. उन्हात, दुपारचे तीन वाजून गेले तरी. खिडक्या बंद, दार बंद. आतून उत्तर नाही.

हेमंतनं मास्क लावला आणि जिना तीन तीन पायऱ्यांनी उतरला. ऋतुजा कोपऱ्यात उभी राहून रडायला लागली, मुल्लाकाकांसाठी की इनामदारांसाठी, तिलाही सांगता आलं नसतं. आप्पा कठड्यावरून वाकून खाली बघत होते.

“रोज भांडता आणि आता एवढं?” मी न राहवून बोलले.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांची बायको गेली ना गेल्या पावसाळ्यात. तेरावं झाल्यावर ते घरातून बाहेरच येईनात. दूध नासायचं, पेपर तसाच पडायचा. मग एके दिवशी यांनी गॅलरीतून ओरडून भांडण काढलं, की तुमच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज होतो. तावातावानं बाहेर आले इनामदार.” त्यांनी खालच्या बंद दाराकडे पाहिलं. “मोटार बंदच होती गं त्या दिवशी. तेव्हापासून रोज.”

खालून हेमंतच्या दार ठोठावण्याचा आवाज येत होता. मग कडी निघाल्याचा. मग काहीच नाही. थोड्या वेळानं तो अंगणात येऊन वर बघू लागला.

“आहेत! बरे आहेत. पण बोलत नाहीयेत.”

“बोलत नाहीत म्हणजे?”

“नुसतं तोंडावर बोट ठेवतात. आणि मला बाहेर ढकलतात.”

“वाचा गेली!” आप्पांनी डोकं धरलं. “झटका आलाय. हेमंत, तोंड वाकडं झालंय का बघ!”

“तोंड रागीट दिसतंय,” हेमंत म्हणाला. “नेहमीसारखंच.”

डॉक्टरांना फोन झाला. ते म्हणाले, चालतायत, ढकलतायत, शुद्धीवर आहेत, तर लक्ष ठेवा, संध्याकाळी फोन करतो. आप्पा गॅलरीतून हलले नाहीत. आता मौन मोडलंच होतं, पण एक अक्षर बोलले नाहीत.

मग सहा वाजले. आमच्या घड्याळानं ते सांगायच्या आतच खालचं दार धाडकन उघडलं आणि इनामदार अंगणात आले. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

“पिसाळ! अक्कल आहे का तुम्हाला?”

आप्पांनी डोळे पुसले. “आहे वाचा! आहे!”

“अहो, तीन तास राहिले होते फक्त! तीन! मी तुमच्यासाठी सगळ्या खिडक्या लावून या उकाड्यात बसलोय. मला माहीत होतं, मी दिसलो की तुमच्या तोंडाला कुलूप राहायचं नाही. म्हणून आज दूधसुद्धा आणायला आलो नाही!”

“दूध नासलं असेल!”

“नासू दे!”

“मग मी हाका मारल्या तेव्हा ओ का दिली नाहीत? इथे माझा जीव गेला!”

“ओ दिली असती तर संभाषण झालं असतं! नुसती हाक ही कदाचित ग्राह्य धरली नसती, खोकला वगैरे म्हणून निभावली असती. मी विचार केला होता त्याचा!”

“अख्ख्या गल्लीनं ऐकलेला खोकला?”

सगळी इमारत आपापल्या गॅलरीत आली होती. लोखंडे वहिनींच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलं होतं. कुणी हसत होतं, कुणी म्हणत होतं की चला, राहू दे, सगळे वर्गणी देऊ. पण ऋतुजा कठड्याशी आली. नाक ओढलं.

“नाही,” ती म्हणाली. “आजोबा बोलले. मी मॅडमना खरं सांगणार. आजोबा हरले.”

आप्पांनी मान खाली घातली. इनामदारांनीही मान डोलावली, कारण अट त्यांनीच लिहिली होती.

“पण इनामदार आजोबा,” ऋतुजानं विचारलं, “तुम्ही आत्ता बाहेर आलात, त्याच्या आधी कधी बोलला होतात?”

“मी? कुणाशी?”

“कुणाशीही.”

इनामदार विचारात पडले. “तुझ्या बाबांना तर नुसती खूण केली. काल... काल कोणीच आलं नाही. परवा दूधवाला पिशवी अडकवून गेलेला होता.” ते बोटांवर काहीतरी आठवत राहिले. “फोन आला नाही. गुरुवारी यांच्याशी झालं होतं भांडण. स्कूटरवरून.”

“म्हणजे शुक्रवारपासून एकही शब्द नाही?”

“बोलायला आहे कोण, बाळ?” इनामदार म्हणाले. अगदी साधेपणानं, कचेरीत एखादी माहिती द्यावी तसं.

वरच्या मजल्यावर कुणीतरी घसा खाकरला.

ऋतुजानं घड्याळाकडे बघितलं, मग खाली. “मग तुम्ही जिंकलात. शुक्रवार ते रविवार सहा. मी मॅडमना तसंच कळवते.”

“अगं, पण मी कुठे नाव दिलं होतं?”

“आता देते मी. वर्गणी त्यांच्या नावाला चालेल का सगळ्यांना?”

सगळ्या गॅलऱ्यांमधून एकच ओरडा झाला. इनामदारांनी हात वर केला.

“एक मिनिट. हरकत आहे. सर्वांत मोठी वर्गणी माझी. म्हणजे माझ्याच गप्प बसण्याचे पैसे मीच भरायचे?”

“भरा की!” आप्पांचा आवाज स्टँडपर्यंत गेला असेल. “आणि तिथे उभे काय राहिलात? लांबूनच जिन्यापाशी या. कांचन ताट ठेवेल. सकाळपासून दूध नाही पोटात माणसाच्या!”

“मला पथ्य आहे. तिखट चालत नाही.”

“मग भाजी धुऊन खा!”

ते भांडण अंधार पडेपर्यंत चाललं. मी आत जाऊन पोळ्या लाटल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मागे आवाज आहे म्हणून बरं वाटलं.

आता ऋतुजा कॉलेजात आहे आणि ही गोष्ट मला तिनंच परवा पुन्हा आठवून दिली, कारण तिला सोमवारचा भाग आठवतो, मला आठवत नव्हता. सोमवारी सकाळी सगळी मुलं पडद्यावर जमली. बिनमिशांचे एक वडील दाखवून झाले. मुल्लाकाकांसह सगळ्या काकांच्या घरी त्याच आठवड्यात शिधा जाणार असं ठरलं. मग कणसे मॅडम ऋतुजाच्या नावापाशी आल्या.

“ऋतुजा, इथे तू लिहिलंयस, श्री. वसंत इनामदार. पण नियम घरच्या माणसांचा होता ना? हे तुझे कोण लागतात?”

ऋतुजा गोंधळली. काय सांगावं कळेना. तेवढ्यात मागून, गॅलरीतून, आप्पांचा आवाज आला.

“दुश्मन!”

आणि त्याच्याही खालून, तळमजल्यावरून, “पिसाळ, तोंड सांभाळा! मुलांचा वर्ग चाललाय!”

पडद्यावर चाळीस पोरं हसत सुटली. मॅडमही हसल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“बरं,” त्या म्हणाल्या, “म्हणजे घरचेच आहेत.”